हळदीच्या लॉटचे फोटो : टॉमकॅटवरच्या कामाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी २०२४

काम ताब्यात घेतलं. हिंगोली जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी, माल हळद. शिजवून, वाळवून, ड्रमात पॉलिश झालेली हळद गोदामात आली की लॉट पडतो आणि त्याचे फोटो निघतात: पूर्ण ढीग, हळकुंड मोडून आतला रंग, गड्डा वेगळा. सांगली, निजामाबाद, इरोडचे खरेदीदार मोबाइलवर फोटो बघतात, मग फोन करतात. ॲप्लिकेशन जावातलं, टॉमकॅट ९ वर (जावाची वेब ॲप्लिकेशनं चालवणारा सर्व्हर), उबुंटू २२.०४ लिनक्स, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. आधीच्या कुणीतरी लिहिलेलं, कागदपत्रं काही नाहीत.

तक्रार एकच. व्यवस्थापक काकांच्या शब्दांत: "काल ते नवीन काहीतरी टाकलं अन् आज सगळे फोटू गायब. वजन हाय, भाव हाय, फोटूच्या जागी कोरी चौकट. कामून?"

कारण लगेच सापडलं. अपलोड झालेला फोटो थेट ॲप्लिकेशनच्या उघडलेल्या डिरेक्टरीत जातोय. वेबॲप्समध्ये हळद, हळदमध्ये अपलोड्स. कोडने गेट-रिअल-पाथ (ॲप्लिकेशनची डिस्कवरची खरी जागा सांगणारी जावाची सोय) विचारून तिथेच फाइल लिहिली आहे. नवी वॉर फाइल (अख्ख्या ॲप्लिकेशनचं बांधलेलं गाठोडं) टाकली की टॉमकॅट जुनी उघडलेली डिरेक्टरी मुळासकट काढतो आणि नव्या वॉरमधून पुन्हा उभी करतो. टॉमकॅट बंद करून वॉर बदलली तरी सुटका नाही. वॉर उघडताना तिची वेळ तो आत नोंदवून ठेवतो, ती जुळली नाही की पुन्हा तेच. त्याच्या लेखी ती डिरेक्टरी म्हणजे वॉरची प्रत. तिथे दुसऱ्या कुणाचा माल पडलाय हे त्याला कळायचं कारणच नाही. टॉमकॅट बरोबर वागतोय.

वॉर न उघडताच चालवली असती तर गेट-रिअल-पाथने नल, म्हणजे 'जागा नाही', असं दिलं असतं आणि हा घोळ पहिल्याच दिवशी उघडा पडला असता. दुर्दैवाने चाललं.

गेलेले बरेच फोटो गोदामातल्या पोरांच्या फोनमध्ये आहेत. फोन साफ करू नका, असा निरोप दिला.

१५ फेब्रुवारी

फोटो ठेवायचे कुठे यावर ऑफिसात अर्धा दिवस चर्चा. धाकट्या सहकाऱ्याचं म्हणणं डेटाबेसमध्येच घाला, बॅकअप एकाच ठिकाणी होतो. मुद्दा खोटा नाही. पण फोनचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. रोजचा डेटाबेस डंप फुगणार, आणि प्रत्येक फोटो डेटाबेसच्या जोडणीतून, जावाच्या मेमरीतून फिरून बाहेर जाणार. लॉटच्या यादीचं एक पान उघडलं की असे वीस-पंचवीस. नको.

दुसरा मार्ग, अपलोड्सच्या जागी बाहेरच्या फोल्डरची सिमलिंक, म्हणजे तिकडे बोट दाखवणारी खूण. टॉमकॅट मुळात सिमलिंकच्या मागे जात नाही. त्यासाठी कॉन्टेक्स्टच्या (टॉमकॅटवरच्या एकेका ॲप्लिकेशनची मांडणी) रिसोर्सेसमध्ये अलाउ-लिंकिंग चालू करावं लागतं. शिवाय नवी वॉर आली की लिंकही जाणार, ती पुन्हा कोण लावणार? हेही नको.

उरले ते दोन. एक, ॲप्लिकेशनच्याच कॉन्टेक्स्टमध्ये पोस्ट-रिसोर्सेस लिहून बाहेरची डिरेक्टरी एखाद्या पत्त्यावर जोडायची. टॉमकॅट ७ मध्ये यासाठी एलियासेस होतं, ८ पासून ते गेलं आणि हे आलं. इंटरनेटवरची बरीच उत्तरं अजून एलियासेस सांगतात, ती ९ वर चालत नाहीत. दोन, फोटोंसाठी निराळा कॉन्टेक्स्ट, ज्याचा डॉकबेस (फाइली जिथून द्यायच्या ती जागा) म्हणजे ती बाहेरची डिरेक्टरी. दुसरं घेऊ. फोटोंचे नियम मुख्य ॲप्लिकेशनपेक्षा वेगळे ठेवता येतात.

लोकांनी टाकलेली फाइल ही आपल्या कोडची मालमत्ता नाही, एवढं एक कलम या प्रकल्पात पक्कं. कोड आठवड्याला बदलेल, फोटो बदलणार नाही. दोघांचं बिऱ्हाड वेगळं.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, बाहेर ढोल-ताशे, नांदेडच्या ऑफिसात मी एकटाच. काम शांतपणे झालं असतं, पण परवानग्यांनी दुपार खाल्ली.

मुळाशी डेटा, त्यात हळद, त्यात फोटो अशी डिरेक्टरी केली. मालक टॉमकॅट वापरकर्ता, परवानगी ७५० (मालकाला सगळं, गटाला फक्त वाचणं-शिरणं, बाकीच्यांना काही नाही). अपलोड करून बघितलं तर लॉगमध्ये "रीड-ओन्ली फाइल सिस्टिम". डिस्क व्यवस्थित, माउंट व्यवस्थित, टॉमकॅट वापरकर्ता होऊन हाताने फाइल बनवली तर बनते. टॉमकॅटमधून लिहिली तर नाही.

गाठ सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) निघाली. उबुंटूच्या पॅकेजमधून टॉमकॅट ९ बसवला की त्याच्या सेवा-फाइलमध्ये प्रोटेक्ट-सिस्टम 'स्ट्रिक्ट' असतं. म्हणजे या प्रक्रियेपुरती जवळपास सगळी डिस्क फक्त वाचण्याजोगी. लिहायला मुभा रीड-राइट-पाथ्समध्ये दिलेल्या जागांवरच: वेबॲप्स, लॉग, कॅटलिनाचं कॉन्फिग. जुन्या ॲप्लिकेशनला अडचण आली नाही, कारण ते वेबॲप्समध्येच लिहीत होतं. चुकीच्या जागेला मोकळीक आणि योग्य जागेला कुलूप.

उपाय सोपा. सिस्टमसीटीएल एडिटने जोड-फाइल उघडली, सर्व्हिस विभागात रीड-राइट-पाथ्समध्ये आपली डेटा डिरेक्टरी घातली, टॉमकॅट पुन्हा सुरू केला, चाललं. मूळ सेवा-फाइल हाताने बदलायची नाही, पॅकेज अपडेट झालं की ती पूर्ववत होते. आणखी एक: तिथे लिहिलेली डिरेक्टरी प्रत्यक्षात नसेल तर सेवा सुरूच होत नाही, २२६ हा कोड दाखवून बसते. नव्या सर्व्हरवर आधी डिरेक्टरी, मग ही ओळ.

या एररच्या संदेशाखाली इंटरनेटवर सर्रास मिळणारा सल्ला, "७७७ करा". इथे ७७७ करूनही काही झालं नसतं, फक्त दार सगळ्यांना उघडं राहिलं असतं.

२३ फेब्रुवारी

फोटोंच्या नावांचं प्रकरण. गोदामात दोन फोनवर फोटो निघतात, काही थेट फोनवरूनच चढतात, काही व्हॉट्सॲपवर ऑफिसच्या मुलीच्या फोनवर येतात, ती संगणकावर घेऊन चढवते. फोनमध्ये व्हॉट्सॲप देतं ते नाव ठरलेल्या साच्याचं: आयएमजी, तारीख, डब्ल्यूए आणि चार आकडी क्रमांक. क्रमांक दर दिवशी पुन्हा शून्याकडून सुरू होतो. एकाच दिवशी दोन फोनवर साठलेल्या फोटोंची नावं सर्रास सारखी निघतात. जुना कोड मूळ नावानेच साठवायचा. त्यामुळे एका लॉटवर दुसऱ्याचा ढीग दिसायचा, आणि खरेदीदाराला वाटायचं माल बदलला. या तक्रारीचं मूळ कुणाला सापडत नव्हतं. दोन शेतकऱ्यांत यावरून बोलाचाली झाल्याचंही काकांनी सांगितलं.

आता डिस्कवरचं नाव आपण द्यायचं: यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब क्रमांक), पुढे जेपीजी. वर्ष, महिना असे उपफोल्डर. मूळ नाव डेटाबेसच्या रकान्यात, फक्त दाखवायला. फाइलच्या पत्त्यात वापरकर्त्याने दिलेलं एक अक्षरही जाणार नाही. त्यामुळे दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून वरच्या डिरेक्टरीत उडी मारण्याचा धोकाही मिटतो. तरी पाथ नॉर्मलाइज करून तो आपल्याच मूळ डिरेक्टरीखाली येतो ना, ही तपासणी कोडमध्ये ठेवली. दोन ओळींचं काम आहे.

४ मार्च

कॉन्टेक्स्ट लागला. कॅटलिनाखालच्या लोकलहोस्ट फोल्डरात एक एक्सएमएल फाइल. फाइलचं नाव तेच पत्त्यातलं नाव, आत पाथ लिहिला तरी तो धरला जात नाही. डॉकबेसमध्ये पूर्ण पाथ. बस. सर्व्हर डॉट एक्सएमएलला हात लावायचा नाही, तिथला बदल टॉमकॅट पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही.

धाकट्याने विचारलं, "दादा, यात आपण कोड कुठं लिहिला? फोटो देणारं सर्व्हलेट कोण?" सर्व्हलेट म्हणजे विनंतीला उत्तर देणारा जावाचा तुकडा. प्रश्न चांगला होता, म्हणून त्याला बसवून दाखवलं.

टॉमकॅटच्या कॉन्फमध्ये एक सामाईक वेब डॉट एक्सएमएल असते. प्रत्येक कॉन्टेक्स्टला ती आधी लागते, मग त्याची स्वतःची. आपल्या फोटोंच्या डिरेक्टरीत वेब-आयएनएफ (ॲप्लिकेशनचा कोड आणि कॉन्फिग ठेवायचं फोल्डर) नाही, तरी सामाईक फाइलमधलं डिफॉल्ट-सर्व्हलेट तिथे हजर असतं. दुसऱ्या कुणाच्या वाट्याला न आलेली विनंती ते घेतं आणि डिस्कवरची फाइल देतं. कर्ल या आज्ञेने फाइल मागितली: २०० (मिळाली), लांबी, कंटेंट-टाइप इमेज-जेपेग, लास्ट-मॉडिफाइड, ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण). तीच तारीख इफ-मॉडिफाइड-सिन्समध्ये घालून पुन्हा मागितली: ३०४ (बदल नाही), उत्तराच्या अंगात काही नाही. फाइलचा मधला तुकडा मागितला: २०६, तेवढाच तुकडा. ४८ केबीच्या वरची फाइल असेल तर ती जावाच्या मेमरीत न आणता सेंडफाइलने थेट सॉकेटवर.

मग जुन्या ॲप्लिकेशनमधलं प्रयोगशाळेचा अहवाल देणारं सर्व्हलेट उघडलं. कर्क्युमिनचं प्रमाण, ओलावा वगैरेचे पीडीएफ. पूर्ण फाइल बाइटच्या ॲरेत वाचायची, आउटपुटला ओतायची. लास्ट-मॉडिफाइड नाही, ईटॅग नाही, तुकडा मागितला तरी पूर्ण फाइल. कंटेंट-टाइप सगळ्यांना ॲप्लिकेशन-ऑक्टेट-स्ट्रीम, म्हणून फोनवर अहवाल उघडत नाही, नुसता उतरतो. गावात नेटवर्क मध्येच तुटलं की परत शून्यापासून. डिफॉल्ट-सर्व्हलेटमध्ये हे सगळं वर्षानुवर्षं घासून ठेवलेलं आहे. आपण लिहायला बसलो तर अर्धं राहणार.

धाकट्याला पटलं. अहवालांना लॉगिनची अट आहे, ते नंतर.

७ मार्च

४ तारखेच्या त्या सामाईक वेब डॉट एक्सएमएलने झोप उडवली. कारण तिच्यात डिफॉल्ट-सर्व्हलेटच्या शेजारी जेएसपीचं (पोटात जावाचा कोड असलेलं वेबपान) सर्व्हलेटही आहे, आणि तेही प्रत्येक कॉन्टेक्स्टला लागतं.

चाचणी सर्व्हरवर फोटोंच्या डिरेक्टरीत एक जेएसपी फाइल ठेवली. एक ओळ, सर्व्हरची वेळ छापणारी. ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकला. वेळ आली! फाइलचा मजकूर नाही, तिचा निकाल. म्हणजे टॉमकॅटने ती कंपाइल करून चालवली. फोटो म्हणून कुणी जेएसपी चढवली आणि ती तशीच्या तशी साठली, तर सर्व्हरवर टॉमकॅटच्या अधिकारात त्याला हवं ते चालेल. पोस्ट-रिसोर्सेसचा मार्ग घेतला असता तरी हेच. जुन्या पद्धतीतही हे होतंच, फाइलच्या प्रकाराची तपासणी फक्त ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये होती. ती काय, कुणीही ओलांडतो.

बाहेरची डिरेक्टरी डॉकबेस म्हणून लावा, झालं काम, असं सांगणारे हा भाग सांगत नाहीत. ज्या डिरेक्टरीत बाहेरचे लोक लिहितात तिला कोड चालवणाऱ्या यंत्राच्या हाती देणं हीच मुळात जोखीम.

उपाय दोन पातळ्यांवर. पहिला आजच: आलेली फाइल जशीच्या तशी साठवायची नाही. चित्र म्हणून वाचायची, वाचता आली तर नव्याने जेपेग करून आपल्या नावाने लिहायची. वाचता आली नाही तर नाकारायची. एसव्हीजी तर घ्यायचंच नाही, त्याच्या पोटात स्क्रिप्ट बसते. दुसरा उपाय, फोटो देण्याचं काम टॉमकॅटकडून काढून घ्यायचं. त्यावर एप्रिलमध्ये.

१२ मार्च

नव्याने जेपेग करायला लागल्यावर लॉट आडवे पडले. फोन उभा धरला तरी सेन्सर आडवंच चित्र साठवतो आणि "फिरवून दाखवा" अशी खूण एग्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमधली जोड-माहिती) ठेवतो. जावाचं इमेज-आयओ ती खूण वाचत नाही, नवी फाइल लिहिताना ती गळते. हळदीचं पोतं भिंतीला चिकटून उभं असल्यासारखं दिसायला लागलं. थंबनेलेटर ही लायब्ररी लावली, ती खूण बघून आधी चित्र सरळ करते. छोटं चित्रही तीच बनवते: यादीसाठी ४०० पिक्सेल रुंद, उघडल्यावर १६०० पिक्सेल.

एग्झिफ गळण्याचा फायदाही आहे. फोटोतलं अक्षांश-रेखांश जातं, कुणाच्या घरचा पत्ता खरेदीदाराला कळायला नको. फोटो काढल्याची वेळ मात्र वादाच्या वेळी लागते, ती गाळण्याआधी काढून डेटाबेसमध्ये ठेवली.

जेपेगची गुणवत्ता किती ठेवायची हे ठरवायला गोदामात गेलो. तिथले मुकादम मामा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "ह्यो रंग आपल्या सेलमचा न्हाई." सेलम ही हळदीची जात. हळकुंड हातात मोडून फोनशेजारी धरलं. आतला नारिंगी झाक असलेला पिवळा फोटोत फिका लिंबासारखा. यात सर्व्हरचा दोष नाही, पत्र्याखालच्या ट्यूबलाइटचा आहे. ढिगाजवळ पांढरा पुठ्ठा ठेवून दाराच्या उजेडात फोटो काढायचं ठरलं. गुणवत्ता ८५ टक्के. त्याखाली हळकुंडाच्या सालीवरचे कंगोरे पुसट होतात, आणि खरेदीदार पॉलिश त्यावरूनच जोखतो.

२१ मार्च

पहाटे सहाच्या सुमारास भूकंपाचा धक्का, पाठोपाठ दुसरा. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, मोठा धक्का ४.५ रिश्टरचा. नांदेडात आम्हीही अंगणात. गोदामात फोन केला, एक थप्पी कलली, बाकी सगळे ठीक. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरात, त्याला याची वार्ताही नाही.

दुपारी लॉग. एकच इशारा ओळीने: अमुक फाइल कॅशमध्ये घालता आली नाही, जागा अपुरी, कॅशचा कमाल आकार वाढवण्याचा विचार करा. टॉमकॅट प्रत्येक कॉन्टेक्स्टसाठी स्थिर फाइलींची कॅश (पटकन देता यावी म्हणून मेमरीतली प्रत) ठेवतो. ठरीव आकार १० एमबी, एकेक नोंद ५ सेकंद ताजी मानायची, ५१२ केबीवरची फाइल कॅशमध्ये घ्यायचीच नाही. एका वॉरमधल्या सीएसएस-आयकॉनना हे पुरतं. आपली छोटी चित्रं काही मिनिटांत ते भरून टाकतात.

लोक आकार वाढवून १०० एमबी करतात आणि इशारा थांबला की खूश होतात. मी फोटोंच्या कॉन्टेक्स्टला कॅशिंग बंदच केलं. लिनक्स स्वतः मोकळ्या रॅममध्ये वाचलेल्या फाइली धरून ठेवतो, त्याच बाइटची दुसरी प्रत जावाच्या मेमरीत कशाला? निराळा कॉन्टेक्स्ट घेतल्याचा हा फायदा, मुख्य ॲप्लिकेशनची कॅश आहे तशी राहिली.

९ एप्रिल

पाडवा. सर्व्हरला हात लावला नाही.

१५ एप्रिल

टॉमकॅटच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवला. खरं सांगायचं तर एवढ्या वर्दळीला टॉमकॅट एकटा सहज पुरला असता. "टॉमकॅट स्थिर फाइलींना मंद" हे वाक्य जुनं आहे, सेंडफाइल असताना त्यात फार दम नाही. एनजिनएक्स आणला तो एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्रासाठी आणि त्या जेएसपीसाठी. एनजिनएक्सला जेएसपी म्हणजे नुसता मजकूर. फोटोंची डिरेक्टरी तो थेट डिस्कवरून देतो, बाकी पत्ते टॉमकॅटकडे. टॉमकॅटमधला फोटोंचा कॉन्टेक्स्ट काढला. एक्सएमएल फाइल काढली की कॉन्टेक्स्ट जातो, बाहेरची डिरेक्टरी जागेवर राहते. आधी चाचणी सर्व्हरवर बघून घेतलं.

बसवताना लागलेल्या गोष्टी, पुढच्याला उपयोग व्हावा म्हणून.

आधी ४०३ (परवानगी नाही). एनजिनएक्सचा वापरकर्ता वेगळा, टॉमकॅटच्या गटात नाही. फाइलला वाचण्याची परवानगी देऊन भागत नाही, मुळापासून वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीत शिरण्याची लागते. नेमआय ही आज्ञा अख्खी वाट पायरीपायरीने छापते, कुठे अडलं ते लगेच दिसतं. एनजिनएक्सच्या वापरकर्त्याला गटात घेतलं. लिहिण्याचा हक्क टॉमकॅटकडेच.

मग ४१३ (विनंती फार मोठी). एनजिनएक्स मुळात १ एमबीवरची विनंती घेत नाही. फोनचे फोटो सगळे परत. क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ १५ एमबी केलं, तेही अपलोडच्या पत्त्यापुरतं.

एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये लोकेशनच्या (वेबवरचा पत्ता) शेवटी तिरकी रेघ नाही आणि एलियासच्या (त्याची डिस्कवरची जागा) शेवटी आहे, अशी जोडी कधी करायची नाही. फोटोच्या पुढे दोन टिंबं लावून एक डिरेक्टरी वर जाता येतं. आमच्या बाबतीत वर बॅकअप होते. दोन्हीकडे रेघ.

कॅशचे हेडरही इथेच. फाइलचं नाव यूयूआयडी, आतला मजकूर कधी बदलत नाही, फोटो बदलला तर नवं नाव. म्हणून मॅक्स-एज एक वर्ष, सोबत इम्युटेबल. एकदा बघितलेला फोटो खरेदीदाराचा फोन पुन्हा मागतच नाही, ३०४ ची फेरीही वाचते. नावं बदलत नसती तर एवढी मुदत घातक ठरली असती. टॉमकॅटमध्येच राहायचं असेल तर एक्स्पायर्स-फिल्टर हेच काम करतं.

१८ एप्रिल

अहवाल. हे सगळ्यांना दाखवायचे नाहीत, त्या लॉटच्या खरेदीदाराला आणि शेतकऱ्यालाच. म्हणजे जावाने तपासायला हवं, पण फाइल वाहायला जावा नको. मार्ग: एनजिनएक्समध्ये अहवालांचं लोकेशन 'इंटर्नल' केलं, बाहेरून कुणी पत्ता टाकला तर ४०४ (सापडलं नाही). जावा लॉगिन तपासतं, हक्क तपासतं आणि उत्तरात एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट या हेडरात आतला पत्ता लिहून मोकळं होतं. एनजिनएक्स ते हेडर स्वतःकडे ठेवतो आणि फाइल देतो. तुकड्यातुकड्याने उतरवणं आपोआप चालतं. जुन्या सर्व्हलेटमधल्या बऱ्याच ओळी पुसल्या. पुसताना बरं वाटलं.

उतरलेल्या फाइलचं नाव मराठीत हवं, असा काकांचा आग्रह. "शेतकऱ्याला इंग्रजी नावाची फाइल सापडत न्हाई." मागणी रास्त. पण कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये देवनागरी तशीच लिहिली की नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. हेडरमध्ये ती अक्षरं बसत नाहीत. फाइलनेमच्या पुढे तारांकन लावून यूटीएफ-८ आणि टक्क्यांच्या खुणांत बदललेलं नाव द्यायचं, जोडीला जुन्या ब्राउझरसाठी साधं इंग्रजी नाव. यूआरएल-एन्कोडर वापरला तर जागेचं अधिकचिन्ह होतं, ते टक्के-वीस करून घ्यायचं. आता फोनवर "हळद अहवाल" अशीच फाइल उतरते.

२६ एप्रिल

हिंगोली, नांदेड, परभणीत आज लोकसभेचं मतदान. गोदाम बंद, वर्दळ नाही, म्हणून नवी आवृत्ती आजच टाकली. सकाळी रांगेत उभा राहून आलो, मग कामाला.

वॉर टाकली, टॉमकॅटने जुनी डिरेक्टरी काढली, नवी उभी केली. लॉटची यादी उघडली. फोटो जागेवर. पुन्हा टाकली, टॉमकॅट बंद ठेवून टाकली, जुनी आवृत्ती परत आणून बघितली. फोटो जागेवर.

सर्व्हरची बंदरं (पोर्ट) तपासताना ८००९ उघडं दिसलं. जुन्या सर्व्हरवरून उचललेल्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये एजेपीचा (पुढच्या वेब सर्व्हरने टॉमकॅटशी बोलायची एक पद्धत) कनेक्टर तसाच चालू. फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाने जी त्रुटी गाजली ती याच दारातून: या बंदरापर्यंत पोचणाऱ्याला ॲप्लिकेशनमधल्या फाइली, वेब-आयएनएफमधल्यासुद्धा, वाचता यायच्या. ९.०.३१ पासून सुधारणा आहे, नव्या पॅकेजमध्ये तो कनेक्टर मुळातच बंद असतो. आपल्याला एजेपी लागत नाही, काढून टाकला. टॉमकॅटचं ८०८० फक्त स्थानिक पत्त्यावर बांधलं.

६ मे

ऊन मी म्हणतंय. गोदामात दुपारी लाइट जाते, वायफाय जातं, अपलोड अर्ध्यावर तुटतं. अर्धी फाइल फोटोंच्या डिरेक्टरीत पडली तर एनजिनएक्स ती इमानेइतबारे देणार, वर वर्षभराची कॅश! म्हणून लिहायचं आधी तात्पुरत्या नावाने, पूर्ण झालं की ॲटॉमिक मूव्ह, म्हणजे एका झटक्यात जागेवर हलवणं. तात्पुरती जागा फोटोंच्याच डिस्कवर हवी. सिस्टिमच्या टीएमपी या तात्पुरत्या डिरेक्टरीत लिहून हलवायला गेलं तर फाइल सिस्टिम वेगळी पडते आणि जावा ॲटॉमिक मूव्ह होत नाही म्हणून अपवाद फेकतं. डेटाखालीच 'आवक' नावाचं फोल्डर केलं.

बॅकअपचा क्रम ठरवला: आधी डेटाबेसचा डंप, मग आरसिंकने (फाइलींची प्रत काढणारी आज्ञा) फोटो. उलट केलं तर फोटोंची प्रत निघाल्यावर आलेल्या फोटोची नोंद डंपमध्ये असते आणि फाइल नसते, पुन्हा कोरी चौकट. या क्रमाने फार तर एखादी जास्तीची फाइल राहते, ती कुणाला खात नाही. यासाठी फोटो लगेच पुसायचा नाही, डेटाबेसमध्ये खूण करायची आणि फाइल तीस दिवसांनी काढायची.

१७ मे

गोदामातल्या फोनवरून मिळाले तेवढे जुने फोटो लॉटला जोडून चढवले. काहींचा लॉट ओळखायला मुकादम मामांना बसवावं लागलं. ते पोत्याच्या शिलाईवरून सांगत होते.

व्हॉट्सॲपवर फिरलेले जुने पत्ते, अपलोड्स असलेले, अजून लोक उघडतात. जुनं नाव डेटाबेसमध्ये असल्याने ॲप्लिकेशन ते शोधून नव्या पत्त्याकडे ३०१ (कायमचं हलवलं) देतं. एकाच नावाचे दोन फोटो होते तिथे ४०४, चुकीचा ढीग दाखवण्यापेक्षा काही न दाखवलेलं बरं.

बाकी: डिस्क ८० टक्के भरली की मेसेज. सिस्टमडीची जोड-फाइल आणि एनजिनएक्सचं कॉन्फिग गिटमध्ये टाकायचं. मूळ आकाराचे फोटो किती हंगाम ठेवायचे हे संचालक मंडळ ठरवणार, तोवर एकही पुसायचा नाही.